साहेब, मासा चढला का?

सकाळच्या बातम्या लागल्या की भिंतीपलीकडून साहेबांचं भांडण ऐकू यायचं. रेडिओवरची बाई म्हणायची, "राज्यात तुरळक ठिकाणी पाऊस पडण्याची शक्यता आहे." लगेच साहेब म्हणायचे, "शक्यता तुमच्याकडेच ठेवा बाई, पाऊस पाठवा." बाई शांतपणे पुढच्या बातमीकडे वळायची. मग साहेबांना आणखी चेव यायचा. "आता का गप्प? बोला की!"

मी तेव्हा कवठे येमाईच्या बाजूला एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. साहेब पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता. गावातले बडे बागायतदार आप्पा यांनी मळ्याच्या तोंडाशी दोन खोल्या बांधल्या होत्या. एकीत मी आणि दुसरीत साहेब. मधली भिंत एकेरी विटांची, त्यामुळे साहेबांची सगळी भांडणं मला घरबसल्या ऐकायला मिळायची.

जिवंत माणूस सोडून जे जे काही जगात आहे, त्या सगळ्याशी साहेब बोलायचे. 'वाहने सावकाश चालवा' या पाटीला ते स्कूटरवरून ओरडून सांगायचे, "खड्ड्यांनी आधीच सांगितलंय!" एकदा लग्नाची पत्रिका आली. तिच्यात खाली छोट्या अक्षरांत 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असं कुणा चिंटू-पिंकीच्या नावानं छापलेलं होतं. साहेबांनी चष्मा लावून ते वाचलं आणि त्या पत्रिकेला विचारलं, "परीक्षा कधी आहे तुमची? अभ्यास करा आधी."

जिवंत माणूस समोर आला की मात्र हे सगळं बंद. शिरूरच्या ऑफिसातल्या वरिष्ठांसमोर "हो साहेब", कंत्राटदारासमोर "बरं", आणि आप्पांसमोर "बघू". एवढ्यावर त्यांनी निम्मी नोकरी काढली होती. कुणाला तोंडावर 'नाही' म्हणताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ती सगळी 'नाही' साठून साठून रात्रीच्या जेवणात मीठ कमी पडलेल्या आमटीवर निघत असावीत.

गाव त्यांचं कोकणात, खाडीच्या काठी. त्यामुळे मासा हा त्यांचा दुखरा विषय. शिरूरच्या बाजारात गेले की मासेवाल्या बाईसमोर उकिडवे बसायचे आणि पाटीतल्या मरळीला विचारायचे, "तू मासा? तुला मीठ तरी ठाऊक आहे का?" गोड्या पाण्यातला मासा म्हणजे पोहणारा दुधी भोपळा, असं त्यांचं मत होतं. मग तोच दुधी भोपळा किलोभर घ्यायचे, नीट साफ करून मागायचे आणि खोलीवर येऊन मिटक्या मारत खायचे.

असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि मध्ये ती कॅसेट आली.

पुण्यातली एक संस्था शाळांना माहितीपटांच्या कॅसेटी फुकट पाठवायची. मी पाण्याच्या प्रदूषणावर काहीतरी मागवलं होतं. आलं भलतंच. वेष्टनावर एक प्रचंड धरण, त्याच्या पायथ्याशी उडी मारणारा एक मासा, आणि सगळा मजकूर इंग्रजीत. साहेबांनी ते हातात घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी राहिलं. त्यांना मासा दिसलाच नव्हता. "मास्तर, काय धरण आहे हो! हे नुसतं पोरांना नाही, गावाला दाखवा. इथं लोकांना वाटतं, धरण म्हणजे मोठं डबकं."

"पण इंग्रजी आहे, साहेब."

"मी सांगतो ना समजावून."

संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकल्या. टेबलावर टीव्ही, खाली व्हीसीआर. पुढं खुर्चीत आप्पा, फेटा मांडीवर. बायकांच्या बाजूला आप्पांच्या मंडळी. सगळं गाव त्यांना जिजी म्हणायचं. आणि टीव्हीशेजारी फळ्यावर दाखवायची काठी घेऊन साहेब.

सुरुवातीला बर्फाचे डोंगर, देवदारासारखी झाडं, मग समुद्र. समुद्रात हातभर लांबीचे रुपेरी मासे. "हा सामन," साहेब म्हणाले. "खाऱ्या पाण्यातला. म्हणजे मासा." इथवर त्यांची पूर्ण संमती होती. पण तो मासा समुद्र सोडून नदीच्या तोंडात शिरला, तशी साहेबांची काठी खाली आली. ते आम्हाला सोडून थेट टीव्हीशी बोलू लागले. "अरे, कुठं चाललास? समुद्र सोडून नदीत? काय आहे काय तिकडं?"

पोरं हसली. आप्पा म्हणाले, "सायेब, आमाला बी सांगा की, कुठं चाललाय त्यो."

साहेबांनी थोडं ऐकून घेतलं. मग नाराजीनंच सांगितलं, "हा म्हणतोय, हे मासे नदीच्या उगमाकडं जन्मतात. समुद्रात जाऊन मोठे होतात. आणि अंडी घालायची वेळ आली की जिथं जन्मले तिथंच परत येतात. वाटेत काही खात नाहीत, पीत नाहीत. नुसते वर चढत राहतात."

जिजी एकदम म्हणाल्या, "अगं बाई! म्हंजी बाळंतपणाला म्हायेराला निघाली म्हना की!"

झालं. त्यानंतर साहेबांच्या इंग्रजीची कुणाला गरज उरली नाही. मासा जाऊन मासळी झाली. ती दगडावर आपटली की बायका हळहळत होत्या, अस्वलानं एकीला धरलं तेव्हा तर मागून कुणीतरी अस्वलाच्या आईचा उद्धार केला. आणि मग नदीच्या वळणावर ते धरण आलं.

"हं! आता बघा," साहेब फुलले. "हा सांडवा बघा. काय सुबक काम आहे!"

पण कॅसेटमधला माणूस सुबक कामाबद्दल काही बोलेना. तो सांगत होता की या भिंतीनं माशाची वाट बंद झाली आणि नदीतले मासे कमी होत चालले. साहेबांनी भाषांतर थांबवलं. त्यांचा चेहरा लाल झाला. "वीज कुठून येणार मग? तुमचा हा कॅमेरा कशावर चालतो? शेतीला पाणी काय माशानं द्यायचं?"

"सायेब," आप्पा खुर्चीतून म्हणाले, "त्यो काय म्हंतोय त्ये सांगा. तुम्ही काय म्हंताय त्ये नगं."

पडद्यावर एक मासळी भिंतीवर झेपावली आणि आपटून खाली पडली. पुन्हा झेपावली. पुन्हा पडली. आणि मग आप्पाच खुर्चीतून अर्धे उठले. "आरं, कोन इंजनेर हाय तिथला? बाळंतीन बाई दारात आन् ह्यो दार लावून बसलाय!"

सगळा हॉल साहेबांकडे बघू लागला. जणू ते धरण त्यांनीच बांधलं होतं आणि किल्ली त्यांच्याच खिशात होती. साहेब काठी घट्ट धरून उभे. तेवढ्यात पडद्यावरच्या त्या मासळीनं सगळं अंग आक्रसून घेतलं आणि अशी काही उडी मारली की पुढची पोरं उभी राहिली. मासळी हवेत, पाणी खाली, भिंतीचा काठ अगदी वीतभर.

आणि लाइट गेली.

आम्ही बराच वेळ अंधारात बसून राहिलो. कुणी उठायला तयार नव्हतं. कंदील आले, पण लाइट काही आली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं कॅसेट दौंडला जायची होती, तिथल्या रेल्वे कॉलनीत पुढचा खेळ होता. ती गेलीसुद्धा.

आणि साहेबांचे हाल सुरू झाले. रेशनच्या दुकानात, एसटीच्या थांब्यावर, बंधाऱ्यावर मोजमाप घेताना, कुठंही दिसले की लोक विचारायचे, "सायेब, मासा चढला का?" इंग्रजी त्यांना येत होतं, म्हणजे शेवट त्यांना ठाऊक असणार आणि ते मुद्दाम सांगत नाहीत, अशी गावाची खात्री झाली होती. साहेब म्हणायचे, "बघू." न्हाव्यानं अर्धी दाढी झाल्यावर वस्तरा थांबवून विचारलं. शिरूरच्या मासिक बैठकीत वरिष्ठांनी सगळे आकडे बाजूला ठेवून विचारलं, "तुमच्याकडं काहीतरी माशाचं प्रकरण आहे म्हणे?" जिजी स्वतः विचारायच्या नाहीत. सकाळी दूध घालायला आलेला गडी तांब्या ओतता ओतता म्हणायचा, "जिजींनी इचारलंय."

भिंतीपलीकडचा रेडिओ बंद राहू लागला. एका सकाळी साहेब माझ्या दारात उभे. "मास्तर, रविवारी दौंडला पुन्हा खेळ आहे. चला."

"एवढ्यासाठी दौंड?"

"मला झोप नाही हो. तो मासा तिथंच हवेत आहे."

त्यांच्या स्कूटरवरून आम्ही शिरूर आणि तिथून दौंड गाठलं. वाटेतल्या प्रत्येक पुलावर ते गाडी हळू करून खालच्या कोरड्या पात्राला काहीतरी बोलत होते. वाऱ्यात मला ऐकू आलं नाही.

रेल्वे कॉलनीतल्या हॉलमध्ये खेळ चालवणारा एक बंगाली इंजिन ड्रायव्हर होता. साहेबांनी त्याला विनवलं, "भाईसाब, सिर्फ आखिर दिखाइए." तो म्हणाला, "आखिर तो आखिर में आएगा." त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून बसलो. साहेब परगावचे पाहुणे म्हणून तोंडावर हात धरून बसले होते. मध्येच बाहेर इंजिन शंटिंग करू लागलं की आवाज काही ऐकू यायचा नाही, आणि तेवढ्या वेळात ते हात काढून भराभर बोलून घ्यायचे. बंगाली ड्रायव्हर वाकून मला विचारत होता, "इसमें कांटा ज्यादा है क्या?"

ती उडी आली. मासळी हवेत गेली. साहेब उठून उभे राहिले. मासळी भिंतीच्या काठाला लागली आणि खाली पडली.

"अरे!" साहेब एवढंच म्हणाले.

पुढं बरंच होतं. काही धरणांना माशांसाठी पाण्याचा जिना केला होता, त्यावरून काही मासे चढत होते. जिथं जिना जमला नाही, तिथं मासे खाली पकडून, टँकरमध्ये भरून, घाटरस्त्यानं धरणाच्या वर नेऊन सोडत होते. टँकर दिसताच साहेबांनी माझा दंड धरला. "टँकर! मास्तर, बघा, उपाय निघतो! अभियंते आहेत ते!" त्यांचा जीव भांड्यात पडला होता. पण कॅसेटमधला माणूस सांगत होता की एवढं करूनही रानातला, आपल्या पायानं येणारा मासा कमीच होतोय.

शेवटी पडद्यावर एक खोली दिसली. धरणाच्या पोटात, त्या जिन्याला लागून. भिंतीत काच, काचेपलीकडे हिरवं पाणी. काचेसमोर खुर्चीत एक सरकारी माणूस. समोरून मासा गेला की त्यानं नोंद करायची, हे त्याचं काम. तो चहा पितो, काचेकडे बघतो. पाणी हलतं, बुडबुडे जातात. तो वाट बघतो. कॅमेरा त्याच्यावरून हलेना. मासा काही आला नाही. तिथंच संपलं.

मी साहेबांकडे पाहिलं. आता ते त्या माणसाला काहीतरी सुनावणार, असं मला वाटलं. पण ते रिकाम्या पडद्याकडेच बघत होते. बंगाली ड्रायव्हर दिवे लावता लावता म्हणाला, "हमारे उधर गंगा में भी ऐसा ही। बांध बना, हिलसा मछली ऊपर आना बंद।" साहेबांनी त्याचा हात हातात घेऊन जोरात हलवला, जणू त्याच्या घरी कुणी गेलं होतं.

परतताना घोडनदीच्या पुलावर त्यांनी स्कूटर थांबवली.

"मास्तर, त्या काचेसमोरच्या माणसाचा पगार चालू असेल ना?"

"असेल की."

"बढतीसुद्धा मिळेल." मग स्कूटरला किक मारता मारता, "घरी बायको विचारत असेल, आज काय झालं ऑफिसात?"

मळ्यात पोचलो तेव्हा आप्पा आणि जिजी ओट्यावरच होते. जिजींनी या वेळी स्वतः विचारलं. साहेब म्हणाले, "नाही चढली जिजी. पडली. मग तिला टँकरनं नेलं." आणि मग खिडकीतल्या माणसापर्यंत सगळं सांगितलं. माणसांपुढं एवढी वाक्यं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकत होतो.

आप्पा टँकरला खूप हसले. "आपल्याकडं पानी टँकरनं आन् तिकडं मासा टँकरनं!" दुसऱ्या दिवशी हे गावभर झालं आणि साहेबांची सुटका झाली. जिजी मात्र हसल्या नाहीत. "टँकरात बसून जायाचं, ह्ये काय म्हायेर?" एवढं म्हणून आत गेल्या.

जूनमध्ये खरी गोष्ट झाली. गावाखाली नदीवर बंधारा होता. त्याच्या खांबांमधल्या गाळ्यांत लोखंडी फळ्यांचे ढापे घालून हिवाळ्या-उन्हाळ्याचं पाणी अडवायचं आणि पावसाळा आला की ढापे काढून नदी मोकळी करायची, असा नियम. पण आमचा भाग कोरडा. वर डोंगरात पाऊस होऊन नदीला गढूळ पाणी यायचं तरी इथं थेंब नसायचा. मग वरच्या अंगाचे ऊसवाले म्हणायचे, थांबा, इथं पडू द्या, मग काढा. त्यांचे पुढारी आप्पा. दर वर्षी साहेब म्हणायचे, "बघू." मग एकदम पूर यायचा आणि माणसं जीव मुठीत धरून लोंढ्यात ढापे उपसायची. एका वर्षी ढापे निघालेच नाहीत आणि नदीनं कडेची जमीन कापून नेली.

त्या वर्षी डोंगरातलं पाणी आलं आणि साहेब सकाळीच माणसं आणि साखळी-कप्पी घेऊन बंधाऱ्यावर हजर झाले. पाहतात तो मधल्या गाळ्यावर आप्पा छत्री उघडून बसलेले. काठावर निम्मं गाव.

"आप्पा, उठा," साहेब म्हणाले.

"का वो?"

"ढापे काढायचेत."

"बघू म्हना की. दर साली म्हंता तसं."

"नाही म्हणत."

आप्पांनी छत्री खाली घेतली. "सायेब, आता माशापायी माझा ऊस वाळवता व्हय? फिल्लम बगून?"

"माशाचं नाव तुम्ही काढलंत. मी पुराचं बोलतोय. मागं जमीन वाहून गेली ती कुणाची होती? आणि मासा म्हणाल, तर त्याचंही बोलतो. तोही याच नदीतला आहे."

"मंग खोली खाली करावी लागंल तुमाला."

"करतो. आधी तुम्ही बंधारा खाली करा."

काठावर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि आप्पा आणखी घट्ट बसले. मग साहेबही त्यांच्या शेजारी, त्याच गाळ्यावर बसले. ऊन चढलं. दोघं भांडत होते. साहेब इतक्या वर्षांचं साठलेलं बोलत होते. पाणीपाळी, पाण्याच्या फुटलेल्या चाऱ्या, आप्पांनी नदीवर परस्पर लावलेली मोटार, खोलीचं गळकं छप्पर. आप्पाही काही कमी नव्हते. पण मला दुरून असं दिसत होतं की आप्पांना मजा येतेय. इतकी वर्षं 'बघू'शी भांडून माणूस कंटाळतोच.

दुपारी जिजी भाकरी घेऊन आल्या. पहिली भाकरी साहेबांना दिली. आप्पांच्या हातावर ठेवताना थांबल्या. "त्या दिशी साळंत कोन वरडलं वो? बाळंतीन दारात आन् दार लावून बसलाय म्हनून?"

आप्पांनी भाकरी ओढून घेतली. निम्मी खाऊन झाल्यावर पाण्याकडे बघत म्हणाले, "सायेब, त्यो खिडकीतला मानूस. त्याला लई येळानं का हुईना, दिसला आसंल की मासा?"

"दिसला असता," साहेब म्हणाले, "तर मी इथं उन्हात कशाला बसलो असतो?"

आप्पांनी हात धुतले, फेटा झटकला आणि उठले. "येक गाळा. बाकीचे पाऊस पडल्यावर."

"दोन."

"सायेब, तुमी बोलाया लागलात म्हनून लई—"

"दोन."

दोन गाळे निघाले. पुढं काय झालं ते सांगून टाकतो. पाऊस उशिरा आला, आप्पांचा कडेचा ऊस थोडा पिवळा पडला आणि ते त्यांनी साहेबांना वर्षभर ऐकवलं. साहेबांनीही ऐकून न घेता दर वेळी उत्तर दिलं. खोली खाली करायचा विषय पुन्हा निघाला नाही. उलट छपराचे पत्रे बदलले गेले.

पण त्या दुपारी मोकळ्या गाळ्यांतून तांबडं पाणी धडाडत खाली गेलं आणि लोकांच्या लक्षात आलं की आता खालचे मासे इथूनच चढणार. घटकाभरात गाव झोळ्या, टोपल्या, जुनी लुगडी घेऊन गाळ्यांच्या तोंडाशी हजर. साहेब वरून ओरडत होते, पण ऐकतंय कोण. तेवढ्यात आप्पा धोतर खोचून, काठी घेऊन पाण्यात उतरले.

"व्हा मागं! माझं पानी सोडलंय मी! माझ्या पान्यावर चढतोय त्यो. झोळी टाकंल त्याच्या पाठीत काठी मोडीन!"

लोक मागे सरले. साहेब ऑफिसच्या पँटीसकट पाण्यात उतरून आप्पांच्या शेजारी उभे राहिले. मीही वाकून बघू लागलो. फेसातून बोटाएवढा एक पांढरा मासा उडाला, काठाला लागला आणि मागं पडला. पुन्हा उडाला, पुन्हा पडला.

काठावरून कुणीतरी हसून ओरडलं, "आप्पा, ह्यो व्हय तुमचा सामन? ह्यो चढतोय व्हय कवा!"

आप्पांनी मान वळवली नाही. काठी आडवी धरून, पाण्यावरची नजर न काढता, हलक्या आवाजात म्हणाले, "गप ऱ्हावा. पोटुशी हाय ती. दमानं चढंल."